'किमान किती कंचे काढावे लागतील' या प्रश्नात सर्वांत वाईट स्थिती का धरायची?

तुमचा प्रश्न असा आहे : पिशवीत 10 लाल, 8 निळे आणि 5 हिरवे कंचे आहेत, न पाहता किमान किती काढले म्हणजे एकाच रंगाचे 7 कंचे खात्रीने हाती येतील? तुमचे उत्तर 19 आले, पुस्तकात 18 आहे. शिवाय 'किमान' म्हटले असताना उत्तर सरळ 7 का नाही, असेही तुम्ही विचारले आहे.

आधी ही दुसरी शंका घेतो, कारण मी नागपुरात एमपीएससीच्या सीसॅटची आणि कॅटची तयारी करणाऱ्या मुलांना अंकगणित शिकवतो आणि बहुतेक जण इथेच अडखळतात. पहिले सातही कंचे लाल निघू शकतात हे खरे, पण तो नशिबाचा भाग झाला. प्रश्नातला 'किमान' हा शब्द 'खात्रीने' या शब्दाशी बांधलेला आहे : जितके कंचे काढल्यावर खात्री देता येते, अशा सगळ्या संख्यांपैकी सर्वांत लहान संख्या विचारलेली आहे.

वर्गात मी इतवारीतून आणलेले कंचे कापडी पिशवीत भरतो आणि एका मुलाला पिशवीत डोकावून, समोरच्याचे एका रंगाचे सात होऊ नयेत अशा बेताने, एकेक कंचा द्यायला सांगतो. तो सहा लाल देतो, सहा निळे देतो, मग हिरव्यांकडे वळतो आणि पाचव्या हिरव्यानंतर त्याचा हात पिशवीतच थांबतो, कारण सहावा हिरवा कंचा मुळात नाहीच. समोर 17 कंचे पडलेले असतात आणि पिशवीत 4 लाल व 2 निळे उरतात. त्यांतला कोणताही दिला तरी सात पुरे होतात. म्हणून उत्तर 18.

तुम्ही 6 × 3 + 1 असे केले असणार. ते सूत्र प्रत्येक रंगाचे निदान सहा कंचे असतील तेव्हाच चालते. एरवी ज्या रंगाचे कंचे कमी आहेत, त्याचे असतील तेवढे सगळे धरावे लागतात. सूत्रामागचा विचार डिरिश्ले या जर्मन गणितज्ञाने 1834 मध्ये मांडलेल्या, आज पिजनहोल प्रिन्सिपल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वाचा (वस्तू खणांपेक्षा जास्त असतील, तर एका तरी खणात निदान दोन येतातच) आहे, पण परीक्षेत तत्त्वाच्या नावापेक्षा तो अडवणारा मुलगा डोळ्यांसमोर आणणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण प्रश्न बदलला की त्याची चालही बदलते. याच पिशवीतून प्रत्येक रंगाचा निदान एक कंचा हवा असेल, तर तो हिरवे दडवून आधी 10 लाल आणि 8 निळे देईल, आणि तिथे मात्र उत्तर खरोखरच 19 येते.

एक ताळा न चुकता करा. 18 लिहिण्यापूर्वी 17 कंच्यांची अशी एक मांडणी कागदावर उतरवा, जिच्यात अट पुरी होत नाही. अशी मांडणी सापडली, की 17 अपुरे आहेत हे सिद्ध होते. मग अठरावा कंचा कोणत्याही रंगाचा असला तरी अट कशी टाळता येत नाही, एवढेच पाहायचे राहते. मात्र हे दुसरे पाऊल केवळ त्या एका मांडणीपुरते पाहू नका. सात न होता लाल जास्तीत जास्त 6, निळे 6 आणि हिरवे 5 येऊ शकतात, म्हणजे कोणत्याही मांडणीत 17 च्या पुढे जाताच येत नाही.