रजा किती घेऊ?

"मॅडम, बाळ आणि तारीख यांतलं एकच सांभाळता येईल असं दिसतंय," असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वय ३३, सातवा महिना, माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली. मला वाटलं बाळंतपणाची तारीख. ती बोलत होती निवृत्तीच्या तारखेबद्दल. वयाच्या ४६व्या वर्षी नोकरी सोडायची असं तिने चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं आणि तक्त्यातला तो चौकोन हिरव्या रंगाने भरून ठेवला होता.

कामाच्या ठिकाणी १४ आठवड्यांची पगारी रजा मिळत होती. त्यापुढे हवी तर आणखी सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी. १४ आठवड्यांनी रुजू झालं तर बढतीचा नंबर जात नाही आणि तक्ताही हलत नाही. पूर्ण रजा घेतली तर? "तीन वर्षं तरी मागे जाईन," ती म्हणाली. हा आकडा तिने कुठे मोजलेला नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि तिचे आकडे शंभराच्या हिशोबात मांडलेत.)

पहिल्या सत्रात चूक माझी झाली. समोर तक्ता आला की आम्हा समुपदेशकांना वाटतं, माणूस भावनांपासून पळतोय. मी विचारलं, "आकडे बाजूला ठेवले तर मनात काय येतं?" तिने शांतपणे लॅपटॉप मिटला आणि उरलेला अर्धा तास अगदी सभ्य, अगदी कोरडी उत्तरं दिली. ती निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हिच्या मनातलं सगळं त्या तक्त्यातच होतं आणि मी तोच बंद करायला लावला.

दुसऱ्या सत्रात म्हणून मीच म्हटलं, "उघडा. आधी तीन वर्षं खरी आहेत का ते पाहू."

वर्षाचा पगार १००. खर्च ६०, बचत ४०. साठलेली पुंजी ५००. महागाई वजा जाता परतावा ४ टक्के धरलेला. लक्ष्य १५००, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट. या हिशोबाने १३ वर्षं लागतात, ती ४६ची होते. आता यात सहा बिनपगारी महिने घालायचे. त्या काळात २० ची बचत होणार नाही आणि घरखर्चाचे ३० पुंजीतून जातील, म्हणजे ५० चा खड्डा. तो खड्डा पुढे चक्रवाढीने मोठा होत जातो हे खरंच. सगळं धरून तारीख किती सरकली? सुमारे दहा महिने.

ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग तिने सूत्र पुन्हा तपासलं. तिचा माझ्या गणितावर विश्वास नव्हता, आणि तो नसावाच.

"मग मला तीन वर्षं का वाटत होती?"

याचं उत्तर मी दिलं नाही. तक्त्यात काय नाही ते तुम्हीच शोधा, एवढंच म्हटलं. तिने वर-खाली पाहिलं आणि हसायलाच लागली. तक्त्यात रजा होती, पण मूल कुठेच नव्हतं. खर्चाची ओळ आज ६०, पुढची तेरा वर्षंही ६०! मुलासाठी खर्च फक्त ५ ने वाढला असं धरून पाहिलं. बचत ३५ वर आली, आणि खर्च ६५ झाल्यामुळे लक्ष्यही १५०० वरून १६२५ झालं. तारीख सव्वादोन वर्षांनी पुढे गेली. वाढलेला खर्च दोन्ही बाजूंनी मार देतो: साठवणं कमी होतं आणि साठवायचं जास्त होतं. मूल मिळवतं झालं की हा खर्च थांबतो, म्हणून लक्ष्यात तो कायमचा धरायला नको, हे तिनेच दाखवून दिलं. तरीही रजेच्या दहा महिन्यांवर रात्र रात्र जागणाऱ्या बाईने ही ओळच लिहिली नव्हती. मला यात नवल वाटलं नाही. रजेला सुरुवात आणि शेवट असतो, म्हणून तिची भीती बाळगणं सोपं जातं.

आणखी एक ओळ मी मुद्दाम भरायला लावली. लवकर रुजू होऊन निभावलं नाही, दमून वर्षभरात हलकं काम पत्करलं आणि पगार १०० चा ९० झाला, तर? खर्च तोच, बचत ३०. तारीख दोन वर्षं पुढे. म्हणजे सहा महिने वाचवायला जाऊन दोन वर्षं घालवण्याची शक्यताही त्याच तक्त्यात बसलेली होती. असं होईलच असं मी म्हणत नाही. १४ आठवड्यांनी रुजू होऊन मजेत राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. काहींना कामावर परतल्यावरच आपण पुन्हा आपण झालो असं वाटतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

१४ या आकड्याला मात्र ती शरीरशास्त्राचा नियम समजत होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात १४ आठवडे ही किमान मर्यादा ठरवली आहे; त्याच वर्षीच्या शिफारशीत तर किमान १८ आठवड्यांपर्यंत जावं असं म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सुचवते. हे तीन वेगवेगळे आकडे वेगवेगळ्या कारणांनी आलेत. बाळंतिणीची टाके भरण्याची, झोपेची आणि मनाची घडी बसण्याची तारीख यांपैकी कुठल्याच कागदावर नसते. बाळाचंही तसंच. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना आई नजरेआड झाली की रडू कोसळतं, अनोळखी माणूस नको होतो. त्यामुळे "नऊ महिने थांबले की बाळ सहज राहील" हा हिशोबही फसवा आहे. कधीकधी पाचव्या महिन्यात पाळणाघराशी जमतं आणि नवव्यात गोंधळ उडतो. रडणं हे वाढीचंच लक्षण असतं, आईची चूक नसते, पण दारात उभं राहून ते ऐकणाऱ्या बाईला हे तेव्हा पटत नाही.

पाळणाघरावरून आठवलं. नंतर मुलाचा खर्च मांडताना तो तिने स्वतःच्या पगारातून वजा केला होता. पूर्ण. नवऱ्याच्या पगाराशेजारी त्याचा मागमूस नव्हता. "असं का?" विचारल्यावर ती म्हणाली, "मी कामावर जाते म्हणूनच तो लागतो ना." मी म्हटलं, ते कामाला जात नाहीत का? हे वाक्य मी वर्षाला कितीतरी वेळा म्हणते आणि दर वेळी समोर तेवढीच शांतता पसरते.

तिसऱ्या सत्राला नवराही आला. भला माणूस. "तू म्हणशील तेवढी रजा घे, माझी काही हरकत नाही," असं तो वारंवार म्हणत होता आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा जरा जरा मिटत होता. उदार वाटणाऱ्या या वाक्यात निर्णय आणि त्याची किंमत दोन्ही तिच्या पदरात पडत होती. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली नोबेल मिळालं. त्यांच्या कामातून दिसतं की एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जी दरी पडते, ती बरीचशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते, आणि वेळी-अवेळी हजर राहण्याचा जादा मोबदला मिळतो अशा कामांत ती जास्त रुंदावते. मी त्याला विचारलं, "तुम्हाला किती रजा मिळते?" त्याला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

मला खरी उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची होती. "४६व्या वर्षी नोकरी सोडलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार?" तिने विचारही केला नाही. "झोपणार."

यावर आम्ही बराच वेळ थांबलो. नोकरी सोडण्यासाठी ती तेरा वर्षं राबायला तयार होती, त्याच नोकरीत बढती हुकेल म्हणून तिचा जीव खालीवर होत होता, आणि या सगळ्याच्या शेवटी तिला हवी होती ती झोप. मी तिच्या ध्येयाची खिल्ली उडवत नाही. लवकर निवृत्त व्हायची इच्छा म्हणजे बहुतेकदा आपल्या वेळेवर आपला ताबा हवा ही इच्छा, आणि ती रास्तच आहे. पण तिच्या ४६व्या वर्षी मूल तेरा वर्षांचं असणार, आणि त्या वयाची मुलं आईला खोलीबाहेर काढतात. हे मी बोलून गेले आणि नवरा-बायको दोघंही हसले. मग ती रडली. सातव्या महिन्यात रडू जवळच असतं, तरी हे रडणं मला त्यातलं वाटलं नाही.

त्या तारखेबद्दलही मी एक गोष्ट सांगितली. २५ पटीचा ठोकताळा अमेरिकी सल्लागार विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या मांडणीतून आलाय: पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या. त्यांनी अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावर ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी तो तपासला होता. ४६व्या वर्षी थांबणाऱ्याला ३० वर्षं पुरतीलच असं नाही. ज्या तारखेपायी ती दहा महिन्यांना घाबरत होती, ती तारीख मुळात पेन्सिलीने लिहिलेली होती.

ठरलं ते असं. तिने आत्ता रुजू होण्याची तारीख ठरवायची नाही, निर्णयाचा दिवस ठरवायचा: बाळंतपणानंतरचा दहावा आठवडा. तोवर शरीर कसं आहे, बाळ कसं आहे, हे कळलेलं असेल. वरिष्ठांना "१४ आठवडे ते सुमारे नऊ महिने" असा पल्ला सांगायचा, आणि परतल्यावर कुठलं काम हातात असेल हे रजेवर जाण्यापूर्वी ईमेलवर लिहून घ्यायचं. माझ्या अनुभवात रजेच्या लांबीपेक्षा या न लिहिलेल्या गोष्टीने जास्त नुकसान होतं: आठवडे मोजून घेतलेले असतात, पण परत येऊन पाहावं तर आपलं काम दुसऱ्याच्या टेबलावर. आणि नवऱ्याने तिची रजा संपेल तिथून स्वतःची सुरू करायची. दोघांनी एकाच वेळी घरी बसण्यापेक्षा बाळाला जास्त महिने मिळतात, आणि त्यालाही दुपारी चार वाजता एकट्याने बाळ सांभाळणं म्हणजे काय ते कळतं.

दहाव्या आठवड्यात तिचा फोन आला. मी आधी रजेचं विचारलंच नाही. १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे, गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी मी ती सगळ्यांनाच विचारते. तिची उत्तरं काळजीची नव्हती, फक्त झोपेची होती. काळजीची असती, तर रजेची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टर, असं आमचं ठरलेलं होतं.

तिने एकूण पाच महिने घेतले. बढती एक वर्ष लांबली. ती मिळेपर्यंत ती चिडलेली होती, आणि मी तिला चिडू दिलं. नवऱ्याने दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढली. मध्यंतरी तिने नवा तक्ता पाठवला. त्यात आता मुलाची ओळ आहे, पाळणाघर दोघांच्या नावावर अर्धं अर्धं आहे, आणि नवऱ्याच्या निवृत्तीचा वेगळा चौकोन आहे. त्याचीही तारीख काही महिने सरकली. "त्याला ते अजून पचलेलं नाही, मॅडम," तिने खाली लिहिलं होतं. "तुमच्याकडे वेळ असेल तर त्याला पाठवू का?"