तज्ज्ञांना विचारतं कोण?

प्रश्न: पूर आला की सरकार समिती नेमतं, कोविडमध्ये टास्क फोर्स होता. ही तज्ज्ञ मंडळी येतात कुठून, आणि सरकारला त्यांचं ऐकावंच लागतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सांगलीकरांनीच विचारावा असा प्रश्न! ऐकावंच लागतं का, तर नाही, सल्ला तो सल्ला. आता येतात कुठून ते बघू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात राष्ट्रीय आणि राज्य प्राधिकरणांना तज्ज्ञांची सल्लागार समिती नेमता येते अशी सोय आहे, पण 'नेमता येते', नेमलीच पाहिजे असं नाही, मग ऐन वेळी धावपळ ठरलेली. एप्रिल २०२० मध्ये राज्याने डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स केला, त्यात रोज पेशंट बघणारे डॉक्टर होते ही जमेची बाजू, पण लोकल कधी सुरू करायची किंवा हातावर पोट असणाऱ्यांचं काय, हे काही फक्त डॉक्टरांचे प्रश्न नव्हेत ना.

तुमच्याकडच्या २०१९ च्या पुराचं उदाहरण घ्या. पाणी ओसरल्यावर जलसंपदा खात्याचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली, अहवाल आला मे २०२० मध्ये, आणि जुलै २०२१ ला पाणी परत दारात.

ब्रिटनमध्ये सेज नावाचा गट असतो, संकट बघून त्या त्या विषयाची माणसं बोलावतात आणि सहसा सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार बैठक चालवतात. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं अडकली तेव्हा बोलावला, फुकुशिमाच्या वेळी बोलावला. कोविडमध्ये सुरुवातीला सदस्यांची नावंच गुप्त, ओरडा झाल्यावर मे २०२० मध्ये यादी बाहेर आली. खरी गंमत पुढे आहे. २१ सप्टेंबर २०२० ला सेजने थोड्या दिवसांच्या लॉकडाऊनचा पर्याय सरकारपुढे ठेवला, सरकारने तो घेतला नाही, आणि शेवटी ५ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये लॉकडाऊन लागलाच. हे आपण इतक्या तारखेनिशी बोलतोय कारण त्या बैठकीचं इतिवृत्त १२ ऑक्टोबरलाच जाहीर झालं होतं, म्हणजे लॉकडाऊन लागायच्या आधीच लोकांना कळलं की सल्ला काय होता.

तुम्ही एक करा, माहिती अधिकारात अर्ज टाका आणि वडनेरे समितीच्या शिफारशींपैकी आजवर किती अमलात आल्या ते एकेक करून विचारा. उत्तर आलं तर आम्हालाही कळवा, छापू.