घरी एक्झॉटिका धाटणीची वाद्यधून करायची आहे. आधी पक्ष्यांचे आवाज जमवू की चाल?

आधी बेसची ओळ, मग चाल, आणि पक्षी अगदी शेवटी. १९५० च्या दशकात हवाईतल्या होनोलुलूत पियानोवादक मार्टिन डेनीच्या छोट्या बँडने एक्झॉटिका, म्हणजे दूरच्या बेटाचा भास देणारी ही शैली, लोकप्रिय केली. त्यात पियानो, व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायचं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), बेस आणि तालवाद्यं एवढीच मंडळी होती. पक्ष्यांचे आवाज तालवादक ऑगी कोलोन तोंडानेच काढायचा. रेकॉर्ड कान देऊन ऐकली की कळतं, झोपाळू गुंगी येते ती एक-दोन बारची (तालाच्या आवर्तनांची) तीच बेस-ओळ न थकता फिरत राहते म्हणून. तिच्यावर मायनर नाईन्थ किंवा मेजर सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरा आणि तोच आकार अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवा. इथेच सगळी गंमत आहे. चाल व्हायब्राफोनवर (कीबोर्डमधला चालेल, फक्त ट्रेमोलो, म्हणजे आवाजाची थरथर, संथ ठेवा), लांब स्वरांची आणि भरपूर मोकळ्या जागेची. बोंगो, शेकर, गुइरो (खाचांवर काडी घासून वाजवायचं वाद्य) मात्र शक्यतो खरे वाजवा. सँपलची (आधीच रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांची) काटेकोर लय इथे कोरडी वाटते.

रेकॉर्डिंग करताना:
- माइक जवळ, खोलीत गाद्या-पडदे
- सगळ्या ट्रॅकना एकच प्लेट रिव्हर्ब (घुमल्यासारखा परिणाम), पक्ष्यांना जास्त
- व्हायब्राफोन एका बाजूला, तालवाद्यं दुसऱ्या

एक मात्र आहे: हे हवाईचं पारंपरिक संगीत नव्हे, मुख्यतः जॅझ आणि लॅटिन तालांतून रचलेलं कल्पनेतलं बेट आहे. त्यामुळे धून कुठे टाकताना तिला ‘हवाईयन’ म्हणू नका.