झाकण उघडून : ‘आय-सेव्हन आहे, सोळा जीबी आहे, अजून काय हवं?’

ताई, मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेला. सत्तर टक्के पडले तर गेमिंगचा कॉम्प्युटर, असं आमच्या यांनी कबूल केलं होतं आणि पठ्ठ्याने एकाहत्तर पाडले. घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये तयार मशीन ८५ हजारांना आहे, पत्रक सोबत पाठवते. हे म्हणतात, एकाच ठिकाणी बिल, एकाच ठिकाणी भांडण, घेऊन टाका. मुलगा म्हणतो, तयार घेणं म्हणजे फसणं, आपण सुटे भाग आणून असेंबल करू. दीर म्हणतात, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला चला. मला कळतं ते एवढंच : आय-सेव्हन आहे, सोळा जीबी आहे. अजून काय हवं?
*– एक वाचक, कासारवडवली*

पत्रक पाहिलं. गुळगुळीत कागद, काचेच्या पेटीत इंद्रधनुष्य फिरतंय आणि खाली लिहिलंय : ‘इंटेल आय-७, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट’. म्हणजे ‘आंबे, मोठे, दोन डझन’ अशी पाटी लावून भाव सांगितला. हापूस की तोतापुरी, ते गुलदस्त्यात. ८५ हजार जास्त की कमी, हे मला सांगता येत नाही; बेरीज करायला आकडे हवेत आणि या कागदावर एकही आकडा कामाचा नाही.

आय-सेव्हनचंच बघा. इंटेलचा आय-७ २६०० हा २०११ चा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, चार कोअरचा. त्याला बसणारे नवेकोरे बोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मदरबोर्ड) आजही बाजारात मिळतात, त्यामुळे चकचकीत पेटीत घालून तो ‘आय-सेव्हन’ म्हणून विकता येतो, आणि ते खोटंही नसतं. पण २०२२ मध्ये आलेला आय-५ १२४००एफ, नावाने धाकटा असून, त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, म्हणजे त्या २६०० वर नाहीच, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा ‘आय-किती’ हा प्रश्न सोडा; पुढचा चार-पाच आकडी नंबर विचारा.

‘८ जीबी कार्ड’ची, म्हणजे गेमचं चित्र काढणाऱ्या भागाची, तीच गत. २०१७ चं आरएक्स ५८० हे ८ जीबीत येतं, आरटीएक्स ३०५० येतं, ४०६० येतं आणि २०२५ चं ५०६० पण येतं. जीबी सगळ्यांचे सारखे, ताकद मात्र भलतीच वेगवेगळी. त्यात ३०५० नावाची दोन कार्डं आहेत, एक ८ जीबीचं आणि नंतर आलेलं ६ जीबीचं. त्या दुसऱ्यात फक्त मेमरी कमी नाही, आतली चिपही कापलेली आहे. गेमिंगच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त पैसे कार्डात जायला हवेत. पत्रकावर कार्डाचं नावच नसेल, तर ते विसरून राहिलेलं नसतं.

आता एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या भागांना पुरवणारा डबा. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच्याबद्दल कोणी विचारतच नाही.

मागच्या मे महिन्यात कोपरखैरण्याचा एक मुलगा ट्रान्स-हार्बरने मशीन मांडीवर घेऊन माझ्या वर्तकनगरच्या गाळ्यात आला. दहा महिन्यांपूर्वी तयार घेतलेलं. गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला फट्‌दिशी बंद. दुकानाने दोनदा ‘विंडोज मारून’ परत दिलेलं. आतमध्ये १२४००एफ आणि आरटीएक्स ४०६०, म्हणजे माल नाव ठेवण्यासारखा नव्हता. झाकण काढलं तर एसएमपीएसमधून जळक्या प्लास्टिकचा वास. बाहेर काढून हातात घेतला आणि कळलंच. तरी घरून आणलेल्या पिठाच्या काट्यावर ठेवला : ८४० ग्रॅम. चांगला साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस साधारण दीड किलोच्या आसपास भरतो. वजन हा काही पुरावा नव्हे, पण आतलं तांबं, कपॅसिटर, हीटसिंक यांना वजन असतं, आणि ते काढूनच स्वस्ताई येते.

लेबलवर ठसठशीत ‘५०० वॅट’. त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक तक्ता असतो, तो वाचायचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात होतं : १४ अँपिअर. बारा चोक १६८. म्हणजे ज्या लाइनवर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जेवतात, तिची कबूल केलेली ताकद १६८ वॅट. आता खाणारे मोजा. ४०६० ला ११५ वॅट लागतात, १२४००एफ जोरात असला की ११७ पर्यंत जातो. झाले २३२. घरात खाणं २३२ चं आणि कमावता १६८ चा! हिवाळ्यात ते कसंबसं निभावलं, मेमध्ये जीव टाकला. मी दुसरा एसएमपीएस घातला, बाकी एका स्क्रूलाही हात लावला नाही. मशीन आजतागायत चालू आहे.

तुमच्या पत्रकावरच्या ‘५०० वॅट’पुढे कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, वीज कमी वाया जाते असं सांगणारा ८० प्लसचा शिक्का नाही. मला तिथेच शंका आली.

बाकीची काटछाट भराभर सांगते. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, १६ जीबी म्हणतात, पण ती ८-८ च्या दोन पट्ट्या आहेत की १६ ची एकच? दोन असल्या तर प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात, एकच असली तर काही गेममध्ये चांगलाच फटका बसतो. बोर्ड बहुधा एच६१० घालतात; त्याला रॅमच्या दोनच जागा असतात, पण वाईट नाही, चालेल. कॅबिनेटचं तोंड काचेने गच्च बंद असेल तर पुढचे तीन रंगीत पंखे नुसते नाचतात, हवा आत येत नाही. आपल्याकडचा उकाडा आणि घोडबंदरची धूळ बघता पुढून जाळीच हवी.

मग तुमच्या मुलाचं खरं का? नाही. मी स्वतः २०२१ मध्ये भाच्यासाठी तयार मशीन घेतलं होतं. तेव्हा चिपांची टंचाई आणि क्रिप्टोवाल्यांची कार्डांवर झुंबड यामुळे सुटं कार्ड दामदुपटीने मिळायचं. तयार मशीनमध्ये तेच कार्ड जवळपास मूळ किमतीत पडत होतं. कंपनी मोठ्या नावाची. घरी येऊन इंजिनिअरने लावून दिलं, विंडोज अस्सल, तीन वर्षं तक्रार नाही. चौथ्या वर्षी एसएमपीएस गेला. मी म्हटलं, त्यात काय, माझ्याकडे कपाटात दोन पडलेत. उघडून बघते तर बोर्डाला नेहमीची २४ पिनांची जोडणीच नाही! कंपनीची स्वतःची वेगळीच पिन, वेगळ्याच मापाचा एसएमपीएस. सर्व्हिस सेंटरने पाच आठवडे लावले आणि किंमत अशी सांगितली की भाचा म्हणाला, ‘मावशी, तू हे काम सोडून एसएमपीएसच विक.’ पंचवीस वर्षं मशीनं उघडतेय आणि स्वतः घेताना झाकण उघडून बघितलं नव्हतं.

म्हणून मोठ्या कंपनीचं तयार मशीन असेल तर एकच विचारा : बोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट नेहमीच्या मापाचे आहेत ना? आणि शोरूमवाल्याने स्वतः जोडून ‘तयार’ म्हणून ठेवलेलं असेल, जे तुमच्या पत्रकावरून वाटतं, तर त्याला डावीकडची काच उघडायला सांगा. दोन स्क्रू असतात, अर्ध्या मिनिटाचं काम. मुलाला फोटो काढू द्या : कार्ड, रॅमच्या पट्ट्या, एसएमपीएसचं लेबल. मग म्हणा, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड, एसएमपीएस यांची कंपनी आणि मॉडेल बिलावर एकेक ओळीत लिहा, सीरियल नंबरसकट. १८ टक्के जीएसटी तुम्ही भरताय, तेवढी शाई तो खर्च करू शकतो. लिहून देत असेल तर मुलाला त्याच भागांची बेरीज घरी करायला लावा. विंडोजची अस्सल प्रत धरून पाच-सात हजारांचा फरक निघाला तर तुमच्या यांचं बरोबर, आनंदाने द्या. कारण असेंबल केलेलं मशीन चालू झालं नाही की रॅमवाला म्हणतो बोर्ड बघा, बोर्डवाला म्हणतो रॅम बघा, आणि या टोलवाटोलवीत मुलाची सुट्टी संपते. काच उघडायलाच नकार दिला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

सध्या आणखी एक गोष्ट आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. चिपवाले कारखाने एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळवतायत. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात क्रुशल नावाने होणारी किरकोळ विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या भावात भरलेलं तयार मशीन कधी कधी सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतं. मुलाला हे आवडणार नाही, पण बेरीज त्यानेच करायची आहे.

दिरांना सांगा, लॅमिंग्टन रोडला अवश्य जा, पण रविवारी नको, बहुतेक दुकानं बंद असतात. दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड. येताना जोडलेलं मशीन आणणार असाल तर ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं आणा. जड कार्ड लोकलच्या धक्क्यांनी स्लॉट वाकवतं. आणि संध्याकाळी सहाच्या गर्दीत मशीन ठाणे फास्टमध्ये चढवायला जाऊ नका. माझ्याकडे अशी फुटलेली काच चिकटवता येईल का विचारायला लोक आलेले आहेत.

ताई, दोन महिन्यांपूर्वी तयार मशीन घेतलं. रायझन ५ ५६००जी आणि आरटीएक्स ३०५० आहे. गेम इतका अडखळतो की मित्राचा जुना लॅपटॉप बरा. कार्डाचे पंखे तर फिरतच नाहीत. कार्ड नकली असेल का? मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आहे, तोही साधाच वाटतो.
*– एक विद्यार्थी, ऐरोली*

रागावू नकोस, आधी मशीनच्या मागे जा. मॉनिटरची केबल कुठे खोचली आहेस? वरती, उभ्या पट्टीत, यूएसबीच्या शेजारी असेल तर ती बोर्डाची जागा. कार्डाच्या जागा खाली आडव्या असतात. ५६००जी मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक असतं, त्यामुळे वरच्या जागेतूनही चित्र दिसतं आणि कोणाला संशय येत नाही. कार्ड बिचारं बसून राहतं. केबल खाली खोच. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचे, १४४ कर, ते आपोआप होईलच असं नाही.

तरी शंका राहिली तर जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवलं असेल तर ते बऱ्याचदा सरळ ‘फेक’ असं लिहून दाखवतं. पण माझी पैज केबलवर. महिन्याला दोन तरी अशी मशीनं येतात आणि मी पैसे घेत नाही, चहा घेते.

तयार घेतलेल्या मशीनचं कार्ड आठ महिन्यांत गेलं. वर्षाची वॉरंटी आहे. दुकानदार म्हणतो, तुम्ही झाकण उघडलंत, स्टिकर फाटलाय, आता काही होणार नाही. मी फक्त धूळ पुसली होती. वय ६८, भांडायची ताकद नाही.
*– एक वाचक, नेरूळ*

काका, तोंडी भांडू नकाच. बिलाची प्रत जोडून दुकानदाराला ई-मेल किंवा रजिस्टर पत्र पाठवा. कार्डाचा सीरियल नंबर, बंद पडल्याची तारीख आणि त्याचं उत्तर त्यात येऊ दे. ‘झाकण उघडलं तर वॉरंटी रद्द’ ही अट बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर छापलेली आहे का, हेही त्यालाच लेखी विचारा. दुसरं म्हणजे, कार्ड बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वॉरंटी बऱ्याचदा तीन वर्षांची असते. तो नंबर घेऊन थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, कदाचित दुकानदाराची गरजच पडणार नाही.

नाही जमलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे नेरूळ धरून ठाणे जिल्हा. खारघरला असता तर रायगड. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. नातवाला सोबत बसवा.

आणि तुमचं बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा. माझ्याकडे लोक जपून ठेवलेली बिलं घेऊन येतात आणि घडी उघडली की आत कोरा कागद असतो.