पहिल्यांदाच स्वतः स्वयंपाक करणार आहे, कोणती भांडी घेऊ?

आधी सांगते, मोठा सेट घेऊ नका, त्यातली निम्मी भांडी कपाटातच पडून राहतात. पहिला खर्च चांगल्या सुरीवर करा, पातं साधारण २० सेंमी, आणि सोबत लाकडी किंवा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड, काचेचा नको, त्यावर धार लगेच जाते. मग एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, नुसतं स्टील उष्णता नीट पसरवत नाही म्हणून बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलंच बघा, नाहीतर मधेच करपतं. बिडाचा तवा पण घ्याच, सुरुवातीला तेल लावून तापवावा लागतो पण मग वर्षानुवर्षं चालतो. नॉनस्टिक घेतलंच तर रिकामं तापवू नका, कोटिंग खराब होतं. झारा, चिमटा, गाळणी लागेल तसं घेत जा.