रग्बी लीग खेळाडूचं करिअर: लहान चणीच्या मुलाला यात जागा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा चौदा वर्षांचा आहे, यॉर्कशरमध्ये गावच्या क्लबकडून रग्बी लीग खेळतो आणि एका मोठ्या क्लबच्या लोकांची नजर त्याच्यावर पडली आहे. पण बरोबरीच्या मुलांपेक्षा तो वीतभर बुटका आहे. त्याला या वाटेला जाऊ द्यावं का, आणि गेलाच तर पुढचं आयुष्य कसं असतं?

जाऊ द्या. उंचीची काळजी तर मुळीच करू नका. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. लीड्समध्ये राहतो, हेडिंग्लीच्या साउथ स्टँडमध्ये उभं राहून सामने बघतो, आणि इथल्या लीड्स ऱ्हायनोज क्लबच्या रॉब बरोला खेळताना बघितलंय म्हणून म्हणतो. (आपल्याकडे हेडिंग्ली म्हटलं की 2002 ची कसोटी आणि सचिनचे 193 आठवतात. तेच हे मैदान. क्रिकेट आणि रग्बीची मैदानं इथे पाठीला पाठ लावून आहेत, मधलं स्टँड दोघांचं मिळून आहे.)

बरोची उंची जेमतेम 165 सेंटिमीटर. सुपर लीग, म्हणजे इथली रग्बी लीगची सर्वोच्च स्पर्धा, तिच्यातला सगळ्यात लहान खेळाडू अशीच त्याची ओळख होती. समोर शंभर किलोच्या वरचे फॉरवर्ड, म्हणजे चेंडू घेऊन थेट धडक मारणारे धिप्पाड गडी. फेदरस्टोन लायन्स या हौशी क्लबमधून तो लीड्सच्या अकादमीत आला, 2001 मध्ये मोठ्या संघात पोचला आणि त्याच वर्षी सुपर लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. तिथून 2017 पर्यंत एकच क्लब, 490 हून अधिक सामने, सुपर लीगची आठ विजेतेपदं. प्रतिस्पर्धी संघ मुद्दाम त्याच्याच अंगावर धावून यायचे, कारण बचावफळीत सगळ्यात हलका माणूस तो. तो कंबरेखाली घुसून पाय धरायचा, आपटला जायचा, उठायचा आणि परत रांगेत उभा राहायचा. हे सतरा मोसम.

पण तुम्ही करिअरबद्दल विचारलंय, तर या माणसाच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 2007 च्या ग्रँड फायनलमध्ये (सुपर लीगचा विजेता ठरवणारा शेवटचा सामना) बरो हाफबॅक होता, म्हणजे चाल कुठून करायची हे ठरवणारा माणूस. लीड्सने सेंट हेलन्सला 33–6 हरवलं आणि सामनावीराची हॅरी संडरलंड ट्रॉफी त्याला मिळाली. वय 25. पुढे काय, तर 2011 मध्ये ब्रायन मॅकडरमॉट प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी त्याला बेंचवर बसवलं. बदली खेळाडू म्हणून उतरायचं, तेही हाफबॅकच्या जागी नाही, डमी हाफ म्हणून. बरोला हे अजिबात आवडलं नव्हतं आणि ते त्याने लपवलंही नाही.

डमी हाफ म्हणजे काय ते मुलाला विचाराच, पण इथे सांगतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. रग्बी लीगमध्ये एका संघाला सहा टॅकलपर्यंत, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून पाडेपर्यंत, चेंडू मिळतो. टॅकल झालेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. मागे वाकून उभा असलेला जो तो उचलतो, तो डमी हाफ. बचाव करणाऱ्यांना तोवर दहा मीटर मागे जायचं असतं. सामना सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली की मोठ्या अंगाच्या फॉरवर्डांना धाप लागलेली असते, ते वेळेत मागे पोचत नाहीत. अशा वेळी ताज्या दमाचा, चपळ, जमिनीलगत धावणारा माणूस आत सोडायचा, हा मॅकडरमॉटचा हिशेब.

2011 ची ग्रँड फायनल, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड (क्रिकेटचं नव्हे, फुटबॉलचं मैदान), समोर पुन्हा सेंट हेलन्स. त्या वर्षी लीड्स गुणतालिकेत पाचवे होते, तिथून फायनलला आलेले. पहिल्या सत्रात बरो बेंचवरून आत आला. आपल्याच अर्ध्यात त्याने चेंडू उचलला, समोरच्याने छातीच्या उंचीवर हात घातला तर हा खाली झुकून त्या हाताखालून निघाला. आता समोर एकटा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू, पॉल वेलन्स. बरोने एक पाय आत टाकल्यासारखा केला, बाहेरून वळसा घेतला आणि थेट ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. सहा फुटी माणूस त्या हाताखालून गेलाच नसता. लीड्स 32–16 ने जिंकले, हॅरी संडरलंड ट्रॉफी पुन्हा बरोला, आणि या वेळी मत देणाऱ्या सगळ्यांनी एकमताने त्याचं नाव लिहिलं. ज्या जागेवर त्याला बसायचं नव्हतं, त्याच जागेवरून उठून त्याने हे केलं.

म्हणून म्हणतो, तुमच्या मुलाची उंची नका मोजू. त्याची जागा काढून घेतली तेव्हा तो कसा वागतो, ते बघा. या खेळात ती वेळ प्रत्येकावर येते. प्रशिक्षक बदलतो, दुखापत होते, अकादमीतून अठरा वर्षांचा पोरगा वर येतो. कराराची मुदत बहुधा एक, दोन किंवा तीन वर्षांची. बरोसारखे एका क्लबात सतरा मोसम काढणारे फार थोडे. बरेच जण तिशीच्या आसपास थांबतात, काही त्याच्या कितीतरी आधी.

पैशांचं स्पष्टच बोलतो. सुपर लीगच्या क्लबला खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आहे. गेली काही वर्षं ती 21 लाख पौंडांच्या आसपास राहिली आहे (मोजक्या बड्या खेळाडूंसाठी सवलत असते), आणि ती रक्कम पंचवीस-तीस जणांत वाटायची. मोठा वाटा नावाजलेल्यांकडे जातो. अकादमीतून नुकत्याच आलेल्या मुलाच्या हाती साध्या नोकरीइतकंच येतं. फुटबॉलचे आकडे डोक्यातून काढून टाका. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये (तिथली सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धा) क्लबची मर्यादा 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, त्यामुळे इथले चांगले खेळाडू तिकडे जातात. सुपर लीगच्या खालच्या स्तरावर बहुतेक खेळाडू अर्धवेळ: दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, रविवारी सामना.

यात कमीपणा काही नाही. हा खेळच मुळी मजुरीच्या प्रश्नावरून जुन्या रग्बीपासून वेगळा झाला. खाणीत आणि गिरण्यांत राबणारी माणसं शनिवारी सामना खेळायची तर त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यायला इंग्लंडच्या रग्बी संघटनेने नकार दिला, तेव्हा उत्तरेतले क्लब 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि बाहेर पडले. गिरणगाव ज्यांच्या घरात आहे त्यांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना जागा मिळते का, हेही तुमच्या मनात असेल. तसे खेळाडू कमी आहेत, हे खरं. पण लीड्समध्ये जन्मलेला, पाकिस्तानी वंशाचा इक्रम बट 1995 मध्येच इंग्लंडकडून खेळला, आणि पुढे आशियाई मुलांना रग्बीत आणण्याचं कामही त्याने केलं. त्याचं नाव मुलाला सांगून ठेवा.

आता शरीराचं. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर काढून तपासणं आता सक्तीचं आहे. पूर्वी तसं नव्हतं, आणि चाळिशी-पन्नाशीत स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्या काही माजी खेळाडूंनी रग्बी लीगच्या संघटनेविरुद्ध दावा लावला आहे. ही भीती खोटी नाही, ती कुणी हसण्यावारी नेली तर ऐकून घेऊ नका. बरोला निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर 2019 मध्ये, मोटर न्यूरॉन आजाराचं (यात स्नायूंवरचा ताबा हळूहळू जातो) निदान झालं आणि 2 जून 2024 ला, 41 व्या वर्षी तो गेला. खेळामुळेच झालं असं त्याच्याबाबतीत म्हणता येत नाही, मीही म्हणणार नाही. पण त्याचा जुना कर्णधार केविन सिनफिल्ड याने त्यानंतर जे केलं ते तुम्ही वाचलंच पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन, पुढल्या वर्षी 24 तासांत 101 मैल, सगळं या आजाराच्या रुग्णांसाठी निधी उभारायला. मे 2023 मध्ये लीड्स मॅरेथॉन त्याने बरोची व्हीलचेअर ढकलत पूर्ण केली आणि शेवटची रेघ त्याला दोन्ही हातांवर उचलून ओलांडली. ड्रेसिंग रूममध्ये पंधरा वर्षं एकत्र काढलेल्या माणसांत असं नातं तयार होतं. पगाराच्या कागदावर ते दिसत नाही, पण हे करिअर निवडणाऱ्याला ते मिळतं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात मोठं आहे.

तेव्हा क्लबचं पत्र आलं तर आनंदाने जा, पण सही करण्याआधी समोरासमोर बसून तीन गोष्टी विचारा. गेल्या काही वर्षांत या अकादमीतून किती मुलं मोठ्या संघात गेली आणि जी गेली नाहीत ती आज काय करतात? सरावाच्या वेळा कॉलेजच्या वेळापत्रकात कशा बसवता? आणि मुलाच्या अभ्यासाची चौकशी क्लबमध्ये नेमकं कोण करतं? त्या माणसाचं नाव त्यांनी लगेच सांगितलं पाहिजे. सुपर लीगच्या क्लबांत खेळाडूंच्या कल्याणासाठी माणूस नेमलेला असतो, त्याला त्याच दिवशी भेटून या. आणि मुलगा अजून विंगवरच, म्हणजे मैदानाच्या कडेलाच, खेळत असेल, तर त्याच्या प्रशिक्षकाला सांगून महिनाभर डमी हाफला उभा करून बघा.