ओएलईडीतला निळा आधी का मरतो? टिकाऊ निळा का बनत नाही?

राजारामपुरीतल्या रिपेरिंगवाल्यानं तुमच्या स्क्रीनवरचा पिवळट डाग बघून 'निळा बसला' म्हणून सांगितलं, ते खरं का असं विचारलंय. खरंय की भावा. मी इथंच कोल्हापुरात इरिडियमच्या कॉम्प्लेक्सवर (मध्ये धातू आणि भोवती त्याला धरून बसलेले रेणू, ज्यांना लिगंड म्हणतात) काम करतो, म्हणून जरा खोलात सांगतो.

ओएलईडी स्क्रीनमध्ये ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनवाले रेणूच उजेड देतात. करंट दिला की रेणूत ज्या उत्तेजित (एनर्जी भरलेल्या) अवस्था तयार होतात त्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनप्रमाणं दोन जातीच्या, त्यातल्या 25 टक्केच सिंगलेट, बाकी 75 टक्के ट्रिप्लेट, आणि साध्या ऑरगॅनिक डायमध्ये या ट्रिप्लेट बहुतेक फुकट जातात. मध्ये इरिडियम, प्लॅटिनमसारखा जड धातू बसवला की त्यापण उजेड देतात, 1998-99 ला फॉरेस्ट आणि थॉम्पसन या अमेरिकन संशोधकांच्या ग्रुपनी हे डिव्हाइसमध्ये करून दाखवलं. लाल-हिरव्याचं काम झालं, निळा अडकला.

कारण निळ्या उजेडाला साधारण 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे मोलमागं 260 किलोज्यूल, आणि रेणूतले कमजोर बाँड तुटायला पण जवळपास तेवढीच एनर्जी पुरते. त्यात दोन ट्रिप्लेट शेजारी आले आणि एकानं आपली एनर्जी दुसऱ्याच्या अंगावर टाकली की आकडा 5 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर जातो, मग लिगंड सुटलाच.

दुसरी भानगड मेटल-सेंटर्ड अवस्थेची, म्हणजे एनर्जी धातूवरच जाऊन बसते ती. ती उजेड देत नाही, उलट इरिडियम-नायट्रोजन बाँड ढिला करते. हिरव्यात तिची एनर्जी बरीच वर असते, पण निळ्यासाठी एमिशनची (उजेड देणारी) लेव्हल वर सरकवत नेली की तिच्या इतकी जवळ जाते की नुसती डिव्हाइसची गरमी पण तिथं पोचवते. फ्लोरीन लावून निळा रंग लगेच मिळतो, पेपरात ग्राफ झकास दिसतो, पण डिव्हाइसमध्ये तोच कार्बन-फ्लोरीन बाँड तुटतो, म्हणून मला ती वाट पटत नाही. त्यापेक्षा कार्बीन लिगंड (कार्बननं धातूला धरणारे) बरे, धातूला घट्ट धरतात आणि ती घातकी अवस्था आणखी वर ढकलतात. प्लॅटिनमला तर चारही बाजूंनी धरणारा एकच लिगंड लावतात, एक बाँड सुटला तरी बाकीचे तीन सोडत नाहीत.

आणि हवा! हिरव्या इरिडियम कॉम्प्लेक्सचं सोल्युशन यूव्ही लॅम्पखाली धरलं तर मंदच दिसतं, नायट्रोजनचे बुडबुडे सोडले की भसकन उजळतं, कारण ऑक्सिजन ट्रिप्लेट खातो. इथल्या पावसाळ्यात सील न केलेल्या डिव्हाइसवर काळे ठिपके उठतात ते वेगळंच.

तुमचा डाग काय जाणार नाही, पॅनेलच बदलावं लागेल. नवीन आल्यावर ब्राइटनेस फुल ठेवू नका, करंट जास्त तितकी आत उत्तेजित रेणूंची गर्दी जास्त.